मदत हवी आहे : पाणी आलं की वायफाय जातं (सोलापूर, दगडी घर)

नमस्कार मंडळी,

दोन महिने झाले, घरातल्या वायफायनं जेरीस आणलंय. राहायला साखर पेठेत. जुनं घर, मधली दगडी भिंत दीड फुटाच्या वर. कनेक्शन फायबरचं, १०० एमबीपीएसचं. राउटर रस्त्याकडच्या खोलीत आणि मी बसतो मागच्या खोलीत. टॉवेल आणि चादरींची जॅकार्ड डिझाइनं कॉम्प्युटरवर करून देतो. पार्टी व्हिडिओ कॉलवर बसून रंग, किनार बदलायला सांगते. मागच्या आठवड्यात किनारीतला मोर दाखवत होतो, मानेपर्यंत दिसला आणि चित्र गोठलं. पाच मिनिटांनी मेसेज आला, "राहू द्या, दुसरीकडं बघतो." पोटावर पाय येतोय म्हणून विचारतोय.

करून झालेल्या गोष्टी : राउटर बंद-चालू, रीसेट, पासवर्ड बदलला, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६, ११ असे तिन्ही चॅनल लावून बघितले. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. राउटरशेजारी उभं राहून स्पीड मोजतो, ९५ दाखवतो आणि जातो. त्याचंही चुकत नाही, तिथं खरंच ९५ येतो.

आता विचित्र भाग. आमच्याकडं चार दिवसांआड पाणी येतं. आई कॅलेंडरवर पाण्याच्या दिवशी निळी खूण करते. मी त्याच पानावर नेट अडकलं की लाल खूण करायला लागलो. पाणी आलं की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लाल खुणांची रांग. तिसऱ्या दिवशी बरं. पुढचं पाणी यायच्या आदल्या दिवशी एकदम झकास. मोटरीचा दोष म्हणावा तर ती अर्धा-पाऊण तासच चालते. दोन दिवस नेट का मरतं?

प्रतिसाद १
आधी लाइन खराब की वायफाय खराब हे वेगळं काढा. मागच्या खोलीतून कमांड प्रॉम्प्टमध्ये दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा (राउटरचा पत्ता बहुतेकांचा १९२.१६८.१.१ असतो), दुसरीत ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गुगलचा पत्ता. राउटरचं पिंग नीट आणि दुसरं तुटत असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा. राउटरचंच तुटत असेल तर दोष घरातला, कंपनीला कितीही फोन केले तरी उपयोग नाही. राउटरवरचा एलओएसचा दिवा (फायबरचा सिग्नल तुटला की लाल होतो तो) लाल होतो का तेही बघा.

धागालेखक
काल पाणी आलं होतं, आज लावून बघितलं. एलओएस लाल होत नाही. राउटरचंच पिंग ३ मिलिसेकंदावरून ४००-५०० वर उडतंय, मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे घरातलंच.

प्रतिसाद २
मालक, मी पण सोलापूरचाच. एकच विचारतो, पाणी साठवता कुठं?

धागालेखक
दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळात. ५०० लिटरची काळी टाकी स्टँडवर, शेजारी चार निळे ड्रम. टाकी याच उन्हाळ्यात घेतली. मागच्या खोलीचा झरोका बरोबर तिच्या पाठीमागं येतो.

प्रतिसाद २
मग सापडलं की. दगडातून सिग्नल फारसा जात नाही, तुमच्याकडं तो झरोक्यातून आणि दारातून येत असणार. त्या वाटेवर तुम्ही पाण्याची भिंत उभी केलीय. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, अन्नातलं पाणी त्या लहरी शोषून तापतं. वायफायही तिथंच, २.४ वर. त्याची ताकद अगदी कमी म्हणून पाणी तापत नाही, पण सिग्नल पाण्यातच मुरतो. टाकी रिकामी झाली की नुसतं प्लास्टिक उरतं, त्यातून तो आरपार जातो. ५ गिगाहर्ट्झवर गेलात तर भिंतीपुढं आणखी हाल. रिपीटर (सिग्नल पकडून पुढं पाठवणारा डबा) मागच्या खोलीत ठेवू नका, त्याला तरी सिग्नल कुठून मिळणार? सरळ राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल (नेटची तार) ओढा. १०० मीटरपर्यंत चालते.

प्रतिसाद १
पटतंय. फोनवर वायफाय मोजायचं ॲप टाका आणि त्याच जागी बसून टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना सिग्नलचा आकडा घ्या (तो डीबीएममध्ये, उणे असतो; शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). उणे ६५ च्या आसपास कॉल नीट चालतात, उणे ८० ला अडकणारच. १० डीबी कमी म्हणजे सिग्नल दहापट कमी.

धागालेखक
चार दिवस मोजलं. भरलेली टाकी : उणे ७९. तळाला गेल्यावर : उणे ६३. आईला कॅलेंडर दाखवलं तर म्हणाली, मग टाकी न्हाणीकडच्या कोपऱ्यात सरकवू. शेजारच्या पोरांना हाताशी घेऊन कालच सरकवली. आज पाणी आलं, टाकी काठोकाठ भरली, आणि आकडा उणे ६६! सकाळी पाऊण तास कॉल झाला, एकदाही तुटला नाही. दोघांचे मनापासून आभार. दोन महिने मी राउटरच्याच मागं लागलो होतो.

एक दोष मात्र राहिलाय आणि तो वेगळा निघाला. मोटर लावली की दिवा क्षणभर मंद होतो, राउटर बंद पडून परत सुरू होतो, दोन-तीन मिनिटं जातात. ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलंय. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस घ्यावा म्हणतोय, व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच.

केबलही ओढणार आहे. गच्चीवरून नेली तर उन्हात राहील, इथं मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. बाहेर उन्हात टिकणारी केबल कुणी वापरलीय का? की दगडी भिंतीला भोक पाडणंच बरं? दगडात कुणी भोक पाडून घेतलं असेल तर कसं, ते सांगा.