गाठीतली पेशी विसरते की तिला आठवतं?

मायक्रोटोमवाला

नमस्कार मंडळी. हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन म्हणून माझी एकवीस वर्षं झाली. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मालिनमधून आमच्याकडे येतो. आम्ही तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतो, मायक्रोटोमवर ३-४ मायक्रॉनचे काप काढतो, एच अँड ई रंग देतो आणि स्लाईड डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. निदान करणं माझं काम नाही, त्यात मी नाक खुपसत नाही. पण रंग नीट चढलाय का हे बघायला मायक्रोस्कोपला डोळा लावावाच लागतो, आणि इतक्या वर्षांत नजर तयार होतेच.

मोठ्या आतड्याचं निरोगी अस्तर हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात देखणं दृश्य. ग्रंथी परीक्षानळ्यांसारख्या शेजारीशेजारी उभ्या, प्रत्येक पेशीचं जांभळं केंद्रक तळाला, एका रेषेत. कॅन्सर असेल तिथे आधी ती रेष मोडते. केंद्रकं फुगतात, वरखाली होतात, ग्रंथी एकमेकींत घुसतात. गाठ फारच बिघडलेली असेल तर ग्रंथी नावाचं काही उरत नाही, पेशी नुसत्या पसरलेल्या. रिपोर्टात 'पुअरली डिफरन्शिएटेड' असं लिहून येतं. आमच्या मॅडम तोंडी म्हणतात, "या पेशी घराणं विसरल्या."

मध्यंतरी एका व्याख्यानात बरोब्बर उलटं ऐकलं. वक्ते म्हणाले, कॅन्सरची पेशी काही विसरत नाही, तिला फार जुनं आठवतं. बहुपेशीय जीव नव्हतेच, प्रत्येक पेशी आपापली जगायची, तो काळ. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी येईपर्यंत शंका सुरू. आठवतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि पेशी एकेकट्या सुखात होत्या तर एकत्र आल्या कशाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा. माझं शिक्षण बारावी सायन्स आणि मग डीएमएलटी, त्या बेताने लिहा.

शेवाळवेडी

धागा आवडला. दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो माझ्या अंगणातला आहे.

एकत्र येणं वाटतं तितकं अवघड नाही. जीवसृष्टीत ते निदान पंचवीस वेळा, स्वतंत्रपणे घडलंय. २०१२ मध्ये विल्यम रॅटक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते साध्या यीस्टकडून करून घेतलं. यीस्ट द्रावात वाढवायचं, रोज जे लवकर तळाला बसेल तेवढंच पुढच्या नळीत न्यायचं, बाकीचं टाकून द्यायचं. जड असेल ते लवकर बसतं. त्यामुळे ज्या यीस्टमध्ये लेक-पेशी आईपासून सुटतच नाही तेच टिकत गेलं, आणि साठ दिवसांत नळीच्या तळाला हिमकणांसारखे झुबके दिसू लागले. कोणी काही ठरवलं नव्हतं, नुसतं सुटायचं राहून गेलं. निसर्गात तळाला बसण्याऐवजी कारण वेगळं असेल, उदाहरणार्थ झुबका खाणाऱ्याच्या तोंडात मावत नाही.

खरी अडचण पुढे येते. व्हॉल्व्हॉक्स हे गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ घ्या, टाचणीच्या डोक्याहून लहान गोळा. त्याच्या एका जातीत सुमारे दोन हजार लहान पेशी पृष्ठभागावर असतात आणि आत सोळाच्या आसपास मोठ्या. लहान पेशी शेपट्या हलवून गोळा पोहता ठेवतात. त्या कधीच विभागत नाहीत, काही दिवसांत मरतात. पुढची पिढी फक्त मोठ्यांची. म्हणजे दोन हजार जणींनी वंश सोडून दिलाय.

हे 'सोडून देणं' एका जनुकावर टांगलेलं आहे, त्याचं नाव रेग-ए. ते बिघडवलं की लहान पेशी सुरुवातीला नेमून दिलेलं काम करतात, मग हळूहळू फुगतात, शेपट्या टाकतात आणि मोठ्यांसारख्या विभागायला लागतात. पोहायला कोणी उरत नाही, गोळा बुडतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहाचा कप हातात तसाच राहिला होता. (प्रयोगशाळेत चहा नेऊ नये, कळलं.) याला कॅन्सर म्हणणार नाही, पण नातं उघड आहे.

गंमत म्हणजे व्हॉल्व्हॉक्सचा एकपेशीय भाऊबंद क्लॅमिडोमोनास, त्याच्याकडेही या जनुकाचा नातेवाईक आहे. तो कधी चालू होतो? प्रकाश किंवा पोषण कमी पडलं की. "दिवस वाईट आहेत, वाढ थांबव", एवढंच त्याचं काम. बहुपेशीय भावंडाने तोच ब्रेक उचलून काही पेशींच्या पायाखाली कायमचा दाबून ठेवला. विभागणं अब्जावधी वर्षांचं जुनं आहे. दुसऱ्याच्या भल्यासाठी थांबणं नवं, आणि तेही जुन्याच सामानातून जोडलेलं.

अवांतर: बहुतेक बहुपेशीय जीव प्रत्येक पिढीत पुन्हा एकाच पेशीपासून सुरू होतात, हेही याच भानगडीवरचा उपाय आहे. सगळ्या पेशी एकीच्या लेकी असल्या की फसवण्यात फायदा कमी. डिक्टिओस्टेलियम नावाची बुरशीसारखी अमीबा वेगवेगळ्या कुळांच्या पेशी गोळा करून देठ उभारते. त्यात साधारण पाचवा हिस्सा पेशी देठासाठी मरतात, वरच्या बीजाणू होतात. तिथे देठात न जाता फक्त वर घुसणाऱ्या लबाड जाती सापडतातच.

शंकेखोर

शेवाळवेडीताईंचं सगळं मान्य. व्याख्यानातल्या वाक्याला मात्र हरकत आहे. मी ट्यूमरच्या जनुकीय डेटावर काम करतो, त्यामुळे जरा कडवट लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

ती कल्पना २०११ मध्ये पॉल डेव्हिस आणि चार्ल्स लाईनवीव्हर यांनी मांडली. दोघेही मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांचं म्हणणं असं की गाठ म्हणजे प्राण्यांची पहिलीवहिली, ढिसाळ आवृत्ती पुन्हा चालू होणं. तिला आधार अगदीच नाही असं नाही. टोमिस्लाव्ह डोमाझेट-लोशो आणि डीथर टाउट्झ यांनी २०१० मध्ये कॅन्सरशी संबंधित जनुकं कधी उगवली याचा हिशेब केला. दोन उंचवटे मिळाले. एक पेशीच्याच जन्माजवळ, त्यात डीएनए दुरुस्त करणारी. दुसरा बहुपेशीय प्राणी आले त्या सुमाराला, त्यात वाढीवर पहारा ठेवणारी. म्हणजे कॅन्सरमध्ये मोडतं ते कुलूप त्या काळात बसवलेलं आहे.

पण कुलूप मोडलं म्हणजे आतल्या माणसाला आजोबांची आठवण झाली असं होत नाही! 'आठवतं' म्हणायचं तर कुठेतरी जुना कार्यक्रम जसाच्या तसा ठेवलेला हवा. दिसतं ते वेगळंच. पीटर नोवेल यांनी १९७६ मध्ये लिहून ठेवलंय की गाठ ही शरीराच्या आत चालणारी उत्क्रांती आहे. पेशींत बदल होत राहतात, ज्यांची पैदास जास्त त्या पसरतात, प्रत्येक रोग्यात वाट निराळी.

आणि गाठ काय काय करते ते बघा. रक्तवाहिन्यांना निरोप धाडून स्वतःकडे बोलावते. जखम भरताना किंवा गर्भात पेशी जशा जागा बदलतात तसं वागून अस्तरातून निसटते. एकट्या राहणाऱ्या पूर्वजाला रक्तवाहिन्या माहीत होत्या का? ही सगळी बहुपेशीय शरीराचीच हत्यारं आहेत. चोर घरातला आहे, म्हणूनच त्याला किल्ल्या कुठे आहेत ते माहीत.

आणखी एक. नुसता जनुकीय बदल पुरत नाही. मध्यमवयाच्या धडधाकट माणसाच्या अन्ननलिकेच्या अस्तरात नॉच१ हे जनुक बिघडलेल्या पेशींचे मोठमोठे पट्टे असतात. २०१८ मध्ये ते मोजले गेले तेव्हा कॅन्सरपेक्षा निरोगी अस्तरातच त्यांचं प्रमाण जास्त निघालं. उलट बाजूने, बीट्रिस मिंट्झ आणि कार्ल इल्मेन्से यांनी १९७५ मध्ये उंदराच्या टेराटोकार्सिनोमाच्या पेशी कोवळ्या भ्रूणात सोडल्या, तर त्यातून धडके उंदीर जन्मले, त्या पेशी कातडी-रक्तात मिसळून गेल्या. शेजार बदलला आणि वळण लागलं. एवढं सगळ्या कॅन्सरना लागू नाही, टेराटोकार्सिनोमा हे मुळातच भ्रूणपेशींच्या जवळचं प्रकरण. तरी विसरणं-आठवणं हे पेशीच्या एकटीच्या डोक्यात नसतं, एवढं त्यातून दिसतं.

त्रैराशिक

बालबुद्धी प्रश्न. प्रत्येक पेशीत चुकीची शक्यता सारखी धरली, तर जास्त पेशी, जास्त आयुष्य, जास्त कॅन्सर. मग हत्ती आणि देवमासे कधीच संपायला हवे होते?

शेवाळवेडी

रिचर्ड पीटो यांनी १९७७ मध्ये हेच विचारलं होतं, त्यामुळे बुद्धी बाल नाही. माणसात उंदराच्या सुमारे हजारपट पेशी, आयुष्य तीसेक पट, पण कॅन्सरचं प्रमाण त्या पटीत नाही. म्हणजे मोठं शरीर घडताना पहारेही वाढत गेले. पी५३ म्हणजे डीएनए बिघडला की पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रथिन. हत्तीत त्याच्या जनुकाच्या वीस प्रती आहेत, आपल्याकडे एक. २०१५ मध्ये हे उजेडात आलं. वाढीव प्रतींपैकी बऱ्याच अर्धवट आहेत, पण डीएनए तुटला की हत्तीची पेशी दुरुस्तीच्या भानगडीत न पडता पटकन मरते. मात्र एकाच जातीच्या आत तुमचं त्रैराशिक चालतं, उंच माणसांत कॅन्सर थोडा जास्तच आढळतो.

मायक्रोटोमवाला

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. शंकेखोर, तुमचं वाचून मला दोन स्लाईडी आठवल्या.

पहिली, जठराचा सिग्नेट रिंग कॅन्सर. त्यात ग्रंथी नसते, पेशी सुट्या. पण प्रत्येक पेशीच्या पोटात श्लेष्म्याचा फुगा, इतका मोठा की केंद्रक कडेला चेपून अंगठीच्या खड्यासारखं दिसतं. म्हणजे ती घर सोडून गेली, तरी जठराचं श्लेष्मा बनवायचं काम चालूच आहे! तिला एकपेशीय काळ आठवला असता तर श्लेष्मा कशाला बनवत बसली असती?

दुसरी, स्तनाचा लोब्युलर कार्सिनोमा. त्यात पेशी एकामागोमाग एक अशा ओळीने तंतूंमधून जाताना दिसतात. त्यासाठी आम्ही ई-कॅडहेरिन या प्रथिनाची आयएचसी लावतो, म्हणजे ते प्रथिन कुठे आहे हे तपकिरी रंगाने दाखवणारी चाचणी. शेजारच्या निरोगी नलिकेत पेशींना छान तपकिरी कडा येते आणि लोब्युलरमध्ये बहुतेक वेळा काहीच नाही. मी एकवीस वर्षं ती तपकिरी कडा 'रंग लागला, कंट्रोल बरोबर' एवढ्यासाठीच बघितली.

शंकेखोर

सिग्नेट रिंगचं उदाहरण मी आता माझ्या नावावर खपवणार, आधीच सांगून ठेवतो. दोन्ही स्लाईडींचा धागा एकच आहे. ई-कॅडहेरिन हा पेशीला पेशी धरून ठेवणारा हात. काही कुटुंबांत त्याचं जनुक, सीडीएच१, बिघडलेलं पिढ्यांमधून येतं. तिथे नेमके हेच दोन कॅन्सर होतात, जठराचा पसरट सिग्नेट रिंग प्रकार आणि स्तनाचा लोब्युलर.

शेवाळवेडी

आणि ते कॅडहेरिन कुटुंब प्राण्यांहून जुनं आहे. प्राण्यांचे सगळ्यात जवळचे एकपेशीय नातेवाईक म्हणजे कोॲनोफ्लॅजेलेट. त्यांपैकी मोनोसिगा ब्रेव्हिकोलिसचा जीनोम २००८ मध्ये वाचला, त्यात कॅडहेरिनची तेवीस जनुकं निघाली. हा जीव वसाहत करत नाही, हात धरायला शेजारी कोणी नाही. त्याच्याकडे शेपटीभोवती बारीक केसांची कॉलर असते, जिच्यात तो बॅक्टेरिया अडकवून खातो. कॅडहेरिन त्या कॉलरवर बसलेलं सापडलं.

मायक्रोटोमवाला

म्हणजे ती तपकिरी कडा आधी भक्ष्य धरायच्या जागेवर होती! उद्या लोब्युलरचा एक ठोकळा कापायचा आहे. मॅडमना कंट्रोल दाखवताना हे सांगतो, बघू काय म्हणतात.