ट्रान्स स्त्रीचा गाता आवाज : काळी चारचा आग्रह कितपत धरावा?

प्रश्न – नौपाड्याची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी ट्रान्स स्त्री असून ठाण्यात नौपाड्याला राहते. संक्रमणापूर्वी मी बरीच वर्षे ख्याल शिकले आणि त्या काळात काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून) गात असे. हॉर्मोन्सचे उपचार सुरू होऊन पुष्कळ काळ लोटला आहे. बोलण्याचा आवाज सरावाने इतपत बदलला आहे की, फोनवर आता समोरची व्यक्ती सहसा ‘मॅडम’ असेच म्हणते. गाण्याचे मात्र तसे झालेले नाही. तंबोरा लागला की बोलताना सहज धरता येणारा आवाज हातचा सुटतो आणि जुना, रुंद, छातीतला आवाज परत येतो. गळ्याला गाणे त्याच आवाजात ठाऊक आहे.

मी ज्या वर्गात जाते तेथे मुलांची तुकडी पांढरी एकमध्ये आणि मुलींची काळी चारमध्ये शिकते. बाईंनी काहीही आढेवेढे न घेता मला मुलींच्या तुकडीत बसवले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. परंतु काळी चारमध्ये मध्यमाच्या पुढे गेले की आवाज एकतर फुटतो किंवा पोकळ, चोरटा लागतो आणि शेजारणींच्या आवाजात मिसळत नाही. अशा स्थितीत काळी चारचाच ध्यास धरावा काय, खर्जाचा (सर्वांत खालच्या स्वरांचा) रियाज बंद करावा काय आणि गाणाऱ्या व्यक्तीने आवाजाच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा काय, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – मंद्र_ऐरोली

मी गाणे शिकवते, त्यामुळे प्रथम पट्टीविषयी लिहिते. मुलींना काळी चार देण्याची पद्धत वर्गाच्या सोयीतून रूढ झाली आहे, कारण एका पेटीवर अनेक गळे सांभाळायचे असतात. स्वतंत्रपणे गाणाऱ्या बाईवर ते बंधन नाही. गंगूबाई हंगल (१९१३–२००९) यांचा आवाज गळ्याच्या दुखण्यानंतर अतिशय भारदस्त झाला आणि बहुतेक गायिकांपेक्षा बऱ्याच खालच्या पट्टीत त्या आयुष्यभर गायल्या. किराणा घराण्याच्या थोर गायिका म्हणूनच लोकांनी त्यांना ऐकले.

आता तुमची अडचण नेमकी मध्यमाच्या पुढेच का येते, ते पाहू. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे भरलेल्या गळ्यात छातीचा आवाज संपून हलका आवाज सुरू होण्याचा सांधा साधारणतः पांढरी दोन ते पांढरी चारच्या दरम्यान, म्हणजे २९० ते ३५० हर्ट्झच्या आसपास असतो. काळी एकमध्ये गाताना हा सांधा तार षड्ज ते तार गंधार (वरच्या सप्तकातले सा ते ग) या टापूत पडत होता. तेथे तुम्ही अधूनमधूनच जात असाल आणि गेलात तरी जोर लावून निभावून नेत असाल. काळी चारमध्ये तोच सांधा तीव्र मध्यम ते धैवत येथे येतो. ख्यालातला जवळजवळ प्रत्येक आलाप या वाटेने जातो, म्हणून तुम्हाला पदोपदी ठेच लागते. तूर्त पांढरी चार धरून पाहा. त्या पट्टीत सांधा धैवत ते तार षड्ज येथे सरकतो आणि निदान पंचमापर्यंतची बढत निर्धास्तपणे करता येते.

दुसरे म्हणजे रियाजाची दिशा उलटी करा. आपल्याकडे खर्जापासून वर चढण्याची सवय लावतात आणि त्यामुळे खालचा जाड आवाज वर ओढून नेला जातो. तुम्ही तार षड्ज अगदी हलका, गुणगुणल्यासारखा लावा आणि सां नी ध प असे उतरत मध्य षड्जापर्यंत या. उतरताना पंचमाच्या खाली आवाज आपोआप भरू पाहील, तेथेच थांबा, पुन्हा वर जा आणि तोच हलकेपणा घेऊन आणखी एक स्वर खाली उतरा. हे कंटाळवाणे काम आहे आणि पहिले काही महिने ते गाणे वाटत नाही, हे मान्य करते. खर्ज बंद करू नका. फक्त तो रियाजाच्या शेवटी, लहान आवाजात आणि थोडा वेळ ठेवा.

उत्तर – वाचा_उपचार_नेरूळ

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. मंद्रताईंनी सांगितलेला हलकेपणा हा या विषयाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग आवाजाच्या रंगाचा आहे आणि ऐकणारा स्त्री-पुरुष हा निवाडा स्वराच्या उंचीइतकाच, काही वेळा तर त्याहून अधिक, या रंगावरून करतो. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषांत साधारण १७ सेंटीमीटर आणि स्त्रियांत १४ सेंटीमीटरच्या आसपास असते. इस्ट्रोजेनने ही लांबी बदलत नाही आणि वयात येताना जाड झालेल्या स्वरतंतूही पुन्हा पातळ होत नाहीत. म्हणून हॉर्मोन्सच्या उपचारांवर आवाजाची भिस्त ठेवता येत नाही. मात्र जीभ किंचित पुढे आणि वर ठेवून, तसेच स्वरयंत्र थोडे वर राहू देऊन ही पोकळी आखूड करता येते. ख्यालाच्या तालमीत घोटून घेतलेला मोठा, उघडा ‘आ’कार नेमके याच्या उलट करतो. स्वरयंत्र खाली बसते, घसा मोकळा होतो आणि आवाज भरदार होतो.

हा फरक कानाला कळावा यासाठी एक प्रयोग करा. ‘आई’ हा शब्द कुजबुजून म्हणा. कुजबुजीत स्वराची उंची नसते, त्यामुळे पोकळीचा आकार उघडा पडतो. ‘ई’पाशी जीभ जेथे आहे तेथेच शक्यतो राहू देऊन पुन्हा ‘आ’ कुजबुजा. हा ‘आ’ आधीच्यापेक्षा उजळ आणि लहान ऐकू येईल. तो पकडता आला की मग त्याला स्वर द्या. मात्र कुजबुज एका वेळी अगदी थोडाच वेळ करावी, कारण फार वेळ कुजबुजल्याने घशावर ताण येतो.

शस्त्रक्रियेबद्दल स्पष्टच लिहिते. वेंडलर ग्लॉटोप्लास्टीत स्वरतंतूंचा पुढचा भाग एकमेकांना शिवून कंप पावणारी लांबी कमी करतात. बोलण्याचा स्वर त्यामुळे वर जातो. पण खालचे स्वर जातात, आवाजाची ताकद बहुधा कमी होते आणि रंग तर बदलतच नाही. स्वरयंत्राच्या दोन कूर्चा टाके घालून जवळ आणण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात स्वर चढवण्या-उतरवण्याची यंत्रणाच ताणलेल्या स्थितीत अडकून राहते, त्यामुळे मींड आणि तान ज्या व्यक्तीला घ्यायची आहे तिने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. आधी व्हॉइस थेरपी पुरेशी करावी. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा-उपचार होतात, तेथे चौकशी करता येईल. आवाज दोन-तीन आठवडे सतत बसलेला राहिला तर रियाज थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतूंची तपासणी करून घ्यावी.

उत्तर – पेटीवाला_कोपरी

पांढरी चारचा सल्ला मला पूर्णपणे पटत नाही. तुकडी सोडून वेगळ्या पट्टीत बसायचे म्हणजे वर्गात पुन्हा एकटे पडायचे, आणि प्रश्न विचारणाऱ्या ताईंना ते नको असावे. त्याऐवजी काळी चारच ठेवून राग निवडावेत. पूरिया किंवा दरबारी यांचा जीव मंद्रात (खालच्या सप्तकात) आणि पूर्वांगात (सप्तकाच्या पहिल्या अर्ध्यात) आहे. ते काळी चारमध्ये गायल्यास तो सांधा फारसा वाटेत येणारच नाही.

उत्तर – मंद्र_ऐरोली

पेटीवाले, हिशेब बरोबर आहे, पण मंद्रातच जुना भार सर्वांत आधी परत येतो. दरबारीचा आंदोलित गंधार आणि मंद्रातली ती संथ चाल हलक्या आवाजात सांभाळणे मुरलेल्या गवयालाही सोपे नाही. सध्या भूप किंवा यमन यांसारखे राग मध्यलयीत घ्यावेत आणि सांधा पुरेसा गुळगुळीत झाल्यावर सोहनीसारख्या उत्तरांगप्रधान (सप्तकाच्या वरच्या अर्ध्यावर भर असलेल्या) रागाकडे मुद्दाम वळावे. वर्गात इतर मुलींबरोबर काळी चारमध्ये मध्यमापर्यंतच गावे आणि पुढचे नुसते ऐकावे. कोणत्याही समंजस बाईंची याला हरकत नसेल.

उत्तर – कळव्याची_भजनवाली

मीही ट्रान्स स्त्री आहे आणि आमच्या महिला भजनी मंडळात गाते. आमच्यात पट्टी त्या दिवशी सुरुवात करणाऱ्या बाईच्या गळ्यावर ठरते, त्यामुळे पांढरी तीनपासून काळी चारपर्यंत काहीही चालते आणि वर झेपले नाही की मी सरळ खालच्या सप्तकात जाते. आमच्यातल्या वयस्कर काकूही तेच करतात.

ताई, एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. आवाजाचा विषय निघाला की कोणीतरी बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) उदाहरण देणारच. हेतू चांगला असतो, पण मला ते उदाहरण उपयोगाचे वाटत नाही. ते नाटकातल्या नायिकेचे गाणे गात आणि पडदा पडला की भूमिका संपे. आपल्याला याच गळ्याने सकाळी दूधवाल्याशी बोलायचे असते आणि संध्याकाळी गायचे असते. म्हणून मी बोलणे आणि गाणे वेगळे ठेवत नाही. एखादी ओळ आधी साध्या बोलण्यात म्हणते, मग तीच लांबवत लांबवत एका स्वरावर आणते आणि मगच चालीत घालते. बोलण्यातला रंग गाण्यात उतरवायला याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही. रेकॉर्डिंग जरूर करा, पण लगेच ऐकू नका. गाऊन उठल्या उठल्या ऐकले की आपलाच आवाज आपल्याला शत्रूचा वाटतो.

शेजाऱ्यांची भीती वाटत असेल तर लोकल जवळून जाते तेव्हा गा. कळव्यात त्याची कमतरता नाही.

नौपाड्याची_विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुजबुजीचा प्रयोग आजच केला आणि ‘आ’मधला फरक मलाही स्पष्ट ऐकू आला. खर्ज सोडावा लागणार नाही, याचा विशेष आनंद झाला. घरच्या रियाजासाठी पांढरी चार आणि वर्गात मध्यमापर्यंत काळी चार, असे ठरवले आहे. एकच शंका उरली. पांढरी चारमध्ये साथीला तबला कोणता घ्यावा? वर्गात काळी चारचा आहे आणि माझ्याकडे जुना, काळी एकचा.

उत्तर – पेटीवाला_कोपरी

जुनाच वापरा. पांढरी चारचा पंचम पांढरी एक येतो, तेव्हा तुमचा काळी एकचा तबला अर्धा स्वर उतरवून पंचमात मिळवा. भूप-यमनला पंचमातला तबला उत्तम चालतो. फक्त मारवा, सोहनी अशा पंचम वर्ज्य असलेल्या रागांना तो चालणार नाही, त्या वेळी षड्जाचाच तबला लागेल. उतरवताना गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) एकदम वर ठोकू नका, गजऱ्याला (पुडीच्या कडेच्या वेणीला) खालून वर, चहूबाजूंनी थोडे थोडे ठोकत या. पुडी (तबल्याचे कातडे) जुनी असेल तर उतरवल्यावर आवाज बसका येतो. तसे झाले तर पुडी बदलून घ्यावी लागेल.