मदत हवी आहे: जखमी रानससा बरा झालाय, सोडायचा कधी आणि कुठं? (ता. जिंतूर, जि. परभणी)

नमस्कार मंडळी,

मालदांडी ज्वारीची काढणी चालू असताना आमच्या वावरात कुत्र्यांनी एक रानससा धरला. कामावरच्या बायांनी ओरडून, ढेकळं मारून सोडवला. मागच्या उजव्या मांडीचं कातडं फाटून लोंबत होतं, हाड मात्र शाबूत. लगेच वनविभागाच्या 1926 वर फोन केला. वनरक्षक येऊन नोंद करून गेले, पशुवैद्यकांनी टाके घातले, इंजेक्शनं दिली. जखम भरेपर्यंत आमच्या शेतातल्या आखाड्यावर (गोठ्याजवळ) ठेवायचा आणि सोडताना वनरक्षकांना बोलवायचं, असं ठरलं.

कडब्याच्या वळईआड जुनं खुराडं आहे, त्याला चारी बाजूंनी पोती बांधलीत. दिवसभर तो कान पाठीला चिकटवून बसतो. माणूस जवळ गेलं की नाकपुड्या भराभर हलतात, बाकी अंगावरचा केसही हलत नाही. मला आधी वाटलं माणसाळला. डॉक्टर म्हणाले, ही भीती आहे, हात लावू नका, भीतीनंसुद्धा ससा मरतो. तेव्हापासून पोरासोरांना तिकडं फिरकू देत नाही. गाजर, बिस्किटं, दूध घेऊन येणारे रोज असतात, त्यांनाही वाटेतूनच परत पाठवते. रात्री हरळी, मारवेल, घोळ टाकते, सकाळपर्यंत फस्त. लेंड्या गोल, कोरड्या आहेत.

आता टाके निघालेत, केसही उगवतायत. पण उठताना तो पाय जरासा बाहेर टाकतो. रानससा काही बीळ करून लपत नाही, पळणं एवढंच त्याच्या हातात. खुराड्यात ते कळणार कसं? आणि वावरात आता नुसती धसकटं उरलीत. कुत्री तीच, शिवारात रात्री वाघर (ससे धरायचं जाळं) लावणारेही आहेत. घरचे म्हणतात, लांब जंगलात नेऊन सोड. माझं मन घेत नाही. कुणी असा ससा सोडला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी पशुवैद्यक आहे, परभणीतच शिकलो. जखम भरली म्हणजे पाय तयार झाला असं नाही. इतके दिवस बसून मांडीचा स्नायू उतरलेला असतो. गोठ्याच्या भिंतीलगत लांबट जागा शेडनेटनं बंद करा. तारेची जाळी नको, ससा घाबरून धडकतो आणि नाक-मान फोडून घेतो. आत दोन ठिकाणी गवताच्या पेंढ्या उभ्या करा, त्याला दडायला आडोसा हवा. दिवस मावळताना तिथं सोडा आणि लांबून बघा. दोन्ही मागचे पाय एकदम जमिनीवर पडतात का, पळताना झटक्यात वळता येतं का, हे बघायचं. सरळ तर लंगडा ससाही पळतो, कुत्र्याला चकवायला वळण लागतं. पाय ओढत असेल तर थांबा, परत डॉक्टरांना दाखवा.

उरलेल्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून पाजू नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि ससा दगावतो. कुत्र्या-मांजरांचं फिप्रोनिलचं गोचीड औषधही सशाला विषारी आहे. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी जनावरांना बाधते, तीही टाकू नका.

प्रतिसाद २

लांब जंगलात नेऊ नका ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. त्याला चाऱ्याच्या जागा, दडायच्या जागा, पळायच्या वाटा आपल्याच शिवारातल्या माहीत असतात. अनोळखी रानात पहिल्याच रात्री कोल्ह्याच्या तोंडी जाईल. ज्या वावरात सापडला तिथंच सोडायला हवा असंही नाही. त्याच शिवारात ज्या धुऱ्यावर (बांधावर) कुसळी गवत, बोरी-बाभळी शिल्लक आहेत ती जागा धरा. धुरे पेटवायचे दिवस आहेत, शेजाऱ्यांना तेवढा पट्टा राखायला सांगा. ऊन उतरल्यावर, कुत्री बांधून सोडा. टोपलं धुऱ्याकडं तोंड करून ठेवा, झाकण काढा आणि मागं व्हा. बाहेर काढायला हात घालू नका.

वाघरीचं मात्र वनरक्षकांना सांगाच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे.

एक विचारायचं होतं, मादी आहे का? कासेला दूध दिसलं होतं का?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नर आहे, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. शेडनेट घरात आहे, भाऊ उद्या बांधून देतोय. ओढ्याकाठच्या धुऱ्यावर बोरींची दाट जाळी आहे, ती यंदा पेटवायची नाही असं चुलत्यांनी कबूल केलंय. पलीकडच्या वावरात करडई उभी आहे, काट्यांमुळं कुत्री तिच्यात शिरत नाहीत. पाय नीट वळायला लागला की, करडई काढायच्या आत, वनरक्षकांना बोलावून तिथंच सोडते. वाघर कुठं लागते ती जागाही त्यांना त्याच दिवशी दाखवते.