ओल्या वाळूतली गाडी आणि कासवाचा माग

टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवून ओहोटीला समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूतून गाडी नेली तर काही बिघडत नाही, असं काही जण म्हणतात; तो मुद्दा अर्धाच पटतो. ओल्या पट्ट्यातले चाकांचे चर पुढच्या भरतीला बुजतात, हे खरं. पण तिथे उतरायला भरतीरेषेवरची कोरडी वाळू आणि तिथे पसरणारी मर्यादवेल तुडवावीच लागते, आणि ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवीण अंडी घालते ती नेमकी तिथेच, साधारण दीड फूट खोल. हवा कमी केल्याने गाडी रुतत नाही, वजन तेवढंच राहतं.

या वादात राहून जाणारी गोष्ट मागाची, म्हणजे कासविणीच्या वाळूतल्या खुणांची आहे. कोकणात वेळास, आंजर्ल्याला कासवमित्र (घरटी राखणारे स्थानिक) पहाटे मादीचा वाळूतला माग काढत घरट्यापर्यंत पोचतात आणि अंडी हॅचरीत, म्हणजे ती सुरक्षित उबवण्याच्या कुंपणात, हलवतात. रात्री त्यावरून दोन गाड्या फिरल्या की माग पुसला, घरटं सापडत नाही, आणि कोल्ह्या-कुत्र्यांना मात्र वासाने बरोबर सापडतं. अशा राहून गेलेल्या घरट्यातून पिल्लं निघालीच, तर चार सेंटीमीटरच्या पिल्लाला वीतभर खोल चर म्हणजे खंदक. ते चढून बाहेर येत नाही, चरातूनच किनाऱ्याला समांतर चालत राहतं आणि उजाडलं की कावळे टिपतात. नोव्हेंबर ते मे गाड्या पुळणीवर नकोतच, ओल्या वाळूतही नकोत.