‘गिअर हार्ड पडतो’ म्हणजे नेमकं काय?

विचारणा
आमची पिकअप नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो घेऊन जाते. ड्रायव्हर म्हणतो, ‘गिअर हार्ड पडतोय.’ मेकॅनिकनं बघून सांगितलं, ‘क्लच सोडत नाही, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ आता क्लच सोडतो तो ड्रायव्हर, पेडलवरचा पाय उचलून. मग गाडीचा क्लच ‘सोडत नाही’ म्हणजे काय? आणि ‘हार्ड’ला गॅरेजमध्ये काही ठरलेला अर्थ आहे का? काम मोठं आहे, म्हणून आधी शब्द समजून घ्यावेत म्हणते.

उत्तर
ताई, ड्रायव्हर सोडतो ते पेडल, मेकॅनिक बोलतोय ते प्लेटबद्दल. पेडल दाबलं की क्लच प्लेट मोकळी व्हायला हवी, म्हणजे इंजिन चालू असूनही त्याचा जोर गिअरबॉक्सकडे जात नाही. ती पूर्ण मोकळी झाली नाही, तर ‘क्लच सोडत नाही’. त्यालाच ‘क्लच कट होत नाही’ असंही म्हणतात, आणि मला तोच प्रयोग पसंत आहे, कारण त्याचा उलटा अर्थ कुणी काढू शकत नाही. ‘क्लच स्लिप मारतो’ हे मात्र वेगळं दुखणं: इंजिनाचा आवाज चढतो आणि चढावर गाडी ओढत नाही. त्यात गिअर सहसा नीट पडतात.

‘हार्ड’ला ठरलेला अर्थ नाही. म्हणून ड्रायव्हरला एवढंच विचारा: इंजिन बंद ठेवून गिअर टाकले तर कसे पडतात? बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर. दोन्ही वेळी अडत असतील तर लिव्हरची जोडणी, केबल किंवा गिअरबॉक्सच्या आतलं काहीतरी. आणखी एक खूण: गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही ‘कर्रर्र’ वाजलं, तर प्लेट अजून फिरतेच आहे.

आणखी एक उत्तर
वरच्यात भर. ‘अडतो’ आणि ‘करकरतो’ हे वेगळे ठेवायला हवेत. एकच गिअर, समजा दुसरा किंवा तिसरा, चालत्या गाडीत करकरत असेल आणि बाकीचे नीट पडत असतील, तर बहुधा सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी, झिजली आहे. अशा वेळी डबल क्लच मारला, म्हणजे मध्ये न्यूट्रलला आणून पेडल सोडलं आणि पुन्हा दाबलं, की तो गिअर बिनबोभाट पडतो. क्लचचा दोष असा एकाच गिअरपुरता राहत नाही.

‘जड पडतो’ हे बहुतेक सकाळच्या गार गाडीबद्दल ऐकायला मिळतं. थोडं अंतर चालल्यावर हात हलका होत असेल, तर गिअर ऑइलचा ग्रेड बघा. डिफरन्शियलसाठीचं, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीसाठीचं, जीएल-५ ऑइल अनेकजण ‘भारी’ म्हणून गिअरबॉक्समध्येही ओततात. कंपनीनं जीएल-४ सांगितलं असेल तर हे करू नये. जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवतीलच असं नाही, शिवाय रिंगेला पकड घ्यायला जे घर्षण लागतं तेही कमी होऊ शकतं. ‘क्लच हार्ड झालाय’ ही तर तिसरीच तक्रार. तिथे पेडल पायाला जड लागतं, गिअरचा संबंध असेलच असं नाही.

विचारणा
ड्रायव्हरला विचारलं. बंद गाडीत सगळे गिअर पडतात. चालू गाडीत पहिला आणि रिव्हर्स अडतात, पण दोन-तीनदा पेडल मारलं की पडतात.

उत्तर
हे ‘पेडल मारलं की पडतात’ सगळ्यांत कामाचं वाक्य आहे, मेकॅनिकला याच शब्दांत सांगा. पिकअपला हायड्रॉलिक क्लच असेल, म्हणजे केबलऐवजी नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणारा, तर बहुधा लाइनमध्ये एअर (हवा) आहे किंवा सिलिंडरचं सील गेलं आहे. आधी क्लचच्या या द्रवाच्या डबीतली पातळी बघायला सांगा. मग पेडलकडच्या मास्टर सिलिंडरची आणि गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघा. आत ओलं लागलं तर तोच चोर. सील किंवा सिलिंडर बदलून एअर काढली की बऱ्याचदा काम भागतं. स्लेव्ह सिलिंडर बाहेर बसवलेला असेल तर यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. काही गाड्यांत तो रिलीज बेअरिंगबरोबर (क्लच दाबणारं बेअरिंग) आतच असतो, तिथे मात्र उतरवण्यावाचून इलाज नाही. तेव्हा तुमच्या गाडीत तो कुठे आहे, हे उतरवण्याआधी मेकॅनिकला विचारा.

आणि ‘ऑइल’ शब्दाला जपा. त्या डबीत ब्रेक ऑइल जातं, झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. नुसतं ‘ऑइल टाक’ म्हटलं आणि कुणी इंजिन ऑइल ओतलं, तर सगळी रबरी सीलं फुगून निकामी होतील.