लस घ्यायला बिचकले ते सगळे अडाणीच का?

पारावरचा:
कोरोनाच्या लसीचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य, लोक अडाणी म्हणून घाबरले. मला नाही पटत. कोवॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला परवानगी दिली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे आकडे आले नव्हते, कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी २८ दिवस, मग ६ ते ८ आठवडे, मे महिन्यात डायरेक्ट १२ ते १६, वर युरोपातल्या रक्ताच्या गाठींच्या बातम्या, मग माणूस बिचकणार नाही तर काय?

खडूस_पुणेकर:
अंतर वाढवलं कारण ब्रिटनच्या अनुभवात उशिरा दुसरा डोस दिला की संरक्षण जास्त मिळत होतं. माहिती बदलली की सल्ला बदलतो, यात संशय कसला? आणि नाशिकला लसीनंतर अंगाला चमचे चिकटतात म्हणून जून २०२१ मध्ये व्हिडिओ फिरला, तो पुढे ढकलणारे चांगले शिकलेले होते. अर्धा मिली डोस हो, त्यात लोखंड मावणार किती!

पारावरचा:
कारण खरं असेल, पण तेव्हाच लसीचा तुटवडा होता ना, म्हणून लोकांनी दोनात दोन मिळवले.

माणदेशी:
तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय. आमची मावशी मजुरीला जाते, तिचा एकच प्रश्न, ताप आला तर दोन दिवसांचा रोज कोण देणार? चमचे-बिमचे तिला माहीत पण नाहीत.

खडूस_पुणेकर:
मान्य, पण कोरोना झाला असता तर दोन दिवसांवर भागलं असतं का?

जुनं_मुंबईकर:
ही भीती जुनीच. १८९७ ला हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतः बनवलेली प्लेगची लस मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली, तरी १९०२ ला पंजाबात मुल्कोवालला एका दूषित बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसं गेली, आणि हाफकिनवरचा ठपका पुसायला १९०७ उजाडलं. बाटली एक पण बोभाटा सगळ्या लसीचा. म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोसवाल्यांनाच लोकल, ही सक्ती मला तरी खटकली, अडून घेतलेला डोस म्हणजे विश्वास नव्हे.

खडूस_पुणेकर:
लोकलमधली गर्दी विश्वास बसेपर्यंत थांबते होय?

पारावरचा:
माणदेशी, मावशींनी घेतली का शेवटी?

माणदेशी:
घेतली. आशाताई घरी आल्या, चहा घेतला, मला पण ताप आलेला म्हणाल्या, तापाची गोळी हातावर ठेवली. तेव्हा कुठे तयार झाली.

पारावरचा:
आणि दोन दिवसांचा रोज?

माणदेशी:
तो बुडालाच की.