मदत हवी आहे : ट्रेलर घेऊन डेथ व्हॅली, कोणत्या रस्त्याने?

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारीत लॉस एंजेलिसहून डेथ व्हॅलीला (कॅलिफोर्नियातलं वाळवंटी राष्ट्रीय उद्यान) जातोय. पिकअपमागे २२ फुटी ट्रेलर, सोबत नाशिकहून आलेले आई-बाबा. बाबांना समुद्रसपाटीखाली २८२ फूट असलेलं बॅडवॉटर, म्हणजे तिथली सर्वात खोल जागा, बघायचीच आहे.

अडलंय ते रस्त्यावर. पश्चिमेकडून हायवे १९० ने पॅनामिंट व्हॅलीचा देखावा अप्रतिम, पण टाउन पास ही खिंड जवळपास ५,००० फुटांवर आणि तिथून स्टोव्हपाइप वेल्सपर्यंत उतारच उतार, पार समुद्रसपाटीपर्यंत. ट्रेलर ओढत कुणी हा घाट उतरलंय का? खालचा गिअर आणि ट्रेलरचे वेगळे ब्रेक एवढ्यावर भागतं, की ब्रेक तापतात? चढावर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद ठेवावा लागला का?

दुसरा पर्याय बेकरहून १२७ ने शोशोनीमार्गे. तो सोपा वाटतो, पण पॅनामिंट हुकेल याची फार हळहळ वाटते.

आर्टिस्ट्स ड्राइव्ह या तिथल्या निसर्गरम्य रस्त्यावर २५ फुटांपेक्षा लांब गाडी (ट्रेलर धरून) चालत नाही, म्हणून ट्रेलर फर्नेस क्रीकला सोडणार. आई-बाबा सोबत असल्याने धोका नकोच. स्वतः ट्रेलर नेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.